बाळंतिणीचे ताट घरातल्या डब्यांतून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाळंतिणीच्या आहारावरचे लेख रविवारच्या पुरवण्यांत अधूनमधून येतात आणि घरात तान्हे बाळ आल्यापासून मी ते जरा जास्तच बारकाईने वाचू लागलो आहे. त्यांतील माहिती बहुतेक वेळा बरोबर असते, तेव्हा तक्रार माहितीबद्दल नाही. मखाणे, बदाम, खारीक, खोबरे, गोडंबी, डिंक, अळीव अशी यादी आणि तिच्याखाली तुपात परतण्याच्या, कुटण्याच्या, पाक करण्याच्या सूचना वाचताना मात्र असे वाटते, की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भरलेले घर आहे, जिथे दोन मोकळ्या बाया हाताशी आहेत आणि इतवारीच्या बाजारातून सामान आणून देणारा माणूसही आहे. काय खावे याचे उत्तर त्या लेखांत मिळते. ते कोणी शिजवायचे, केव्हा शिजवायचे आणि घरात त्या घडीला जे आहे त्यातून कसे शिजवायचे, याबद्दल सहसा एक ओळही नसते. हे पत्र त्या ओळीसाठी आहे.

नागपुरात बेसा, मनीषनगर, नरेंद्रनगर, दिघोरी या बाजूंना वाढलेल्या वस्त्यांत भंडारा, गोंदिया, यवतमाळ, चंद्रपूर इकडून नोकरीसाठी आलेली पुष्कळ जोडपी राहतात. पहिले बाळंतपण माहेरी हा रिवाज मोडलेला नाही, परंतु तपासण्या जिथे झाल्या त्याच दवाखान्यात बाळंतपण व्हावे असे आता सगळ्यांनाच वाटते, आणि मग माहेरच नागपूरला येते. आई किंवा सासूबाई सव्वा महिना राहतात, न्हाऊ-माखू घालतात, शेक-शेगडी सांभाळतात, लाडवांचे डबे भरतात आणि गावाकडची शेती, घर, आजारी माणूस यांच्या काळजीने परत जातात. त्यानंतरचे चार-पाच महिने दोघांनीच काढायचे असतात. लाडवांचा डबा तोवर अर्ध्यावर आलेला असतो, भाजीवाला हाक मारून निघून गेलेला असतो, आणि संध्याकाळी ओट्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला समोर दिसतात ते तुरीच्या डाळीचा, कणकेचा, बेसनाचा आणि शेंगदाण्याचा असे डबे. माझे म्हणणे एवढेच आहे, की या डब्यांत बाळंतिणीला पुरेसे असे जवळजवळ सगळे असते, आणि ते शिजवून तिच्या हाती देण्याचे काम दूध पाजत नसलेल्या माणसाचे आहे.

पुरेसे म्हणजे किती, हे आधी पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सुधारलेल्या शिफारशींनुसार बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ६०० किलोकॅलरी ऊर्जा आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात. आकडा ऐकून माणूस घाबरतो आणि औषधाच्या दुकानातला रंगीत डबा उचलतो. प्रत्यक्षात ज्वारीची एक भाकर, वाटीभर घट्ट वरण, त्यावर चमचाभर तूप, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि पेलाभर दूध एवढे नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त दिवसभरात पोटात गेले, तरी सहाशेचा आकडा भरतो आणि प्रथिने वर उरतात. यातली एकही वस्तू आणायला कोणाला इतवारीत जावे लागत नाही. डिंकाचे लाडू वाईट आहेत असे मी म्हणत नाही. आमच्याकडे ते आले, खाल्ले गेले, आणि रात्री अडीचला बाळ पाजून झाल्यावर लागणाऱ्या भुकेला त्यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. मात्र लाडू म्हणजे जेवण नव्हे, आणि लाडू झाले म्हणजे बाळंतिणीची सोय झाली असे मानणाऱ्या घरांत दुपारचे जेवण अनेकदा चार वाजेपर्यंत लांबते.

ते का लांबते हे स्वतः पाहिल्याशिवाय कळत नाही. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते, सुरुवातीला एकेका वेळी अर्धा तास सहज जातो, आणि त्यानंतर ढेकर काढणे, दुपटे बदलणे, पुन्हा निजवणे हे आहेच. संध्याकाळी तर काही बाळे तासन्‌तास सोडतच नाहीत. दूध कमी पडते आहे अशी शंका घरातल्या मोठ्यांना नेमकी त्याच वेळी येते, वास्तविक त्या वयात संध्याकाळचे असे वरचेवर पिणे नेहमीचेच असते. अशा दिवसात सलग तास कोणालाही मिळत नाही. मिळतात ते दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे, तेही केव्हा मिळतील हे बाळ ठरवते. म्हणून या काळातल्या स्वयंपाकाची पहिली कसोटी चव नसून मध्येच सोडता येणे ही आहे. डाळ भिजत घालून चार तास विसरता येते. मळलेली कणीक झाकून ठेवता येते. कुकर बंद करून जाता येते, आतली वाफ आपले काम करत राहते. तडतडणारी फोडणी आणि तव्यावरची पोळी मात्र सोडता येत नाही. हे एकदा लक्षात आले, की स्वयंपाकातली सोडता येणारी कामे आणि न सोडता येणारी कामे वेगळी काढता येतात, आणि न सोडता येणारी कामे बाळ गाढ झोपल्यावर दहा मिनिटांत उरकता येतात. (कुकरच्या शिट्टीने आमचे बाळ कधी उठले नाही, चमचा पडल्याने मात्र दर वेळी उठले. याचे कारण मला अजून उमगलेले नाही.)

दुसरी कसोटी एका हाताने खाता येण्याची. पोळी-भाजी हे आपले रोजचे जेवण असले, तरी मांडीवर बाळ असताना पोळीचा घास मोडणे किती अवघड असते ते कोणत्याही बाळंतिणीला विचारावे. वाटी आणि चमचा हे त्या दिवसांतले खरे भांडे, आणि विदर्भाच्या स्वयंपाकात वाटी-चमच्याने खाता येतील असे भरपेट पदार्थ मुबलक आहेत.

डाळभाजीचेच घ्या. आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीत ती असतेच, त्यामुळे ती मोठ्या गंजात (पातेल्यात), आचाऱ्याच्या हातूनच व्हायची असा एक समज झाला आहे. घरी ती कुकरमध्ये होते. एक वाटी तुरीची डाळ, पाव वाटी हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे सकाळी बाळाच्या अंघोळीआधी भिजत घालावेत. अंघोळ, शेक, पाजणे, निजवणे होईस्तोवर ते छान फुगतात. मग त्यात धुऊन मोठा-मोठा चिरलेला पालक, असेल तर आंबट चुका, हळद आणि पाणी घालून कुकरला चार शिट्ट्या द्याव्यात. इथे थांबायचे असेल तर खुशाल थांबावे. नंतर डाळ घोटून, चमचाभर बेसन पाण्यात कालवून तिला लावावे म्हणजे पाणी आणि डाळ वेगळी होत नाही, मीठ घालून एक उकळी आणावी, आणि भरपूर लसणाची फोडणी वरून ओतावी. पालक नसेल तर मेथी चालते, मेथी नसेल तर मुळ्याचा किंवा हरभऱ्याचा पाला चालतो, चुका नसेल तर चिंचेचे बुटुक पुरते. पालेभाजीच नसेल तर ती डाळभाजी राहत नाही हे खरे, पण शेंगदाणे घातलेले घट्ट वरण राहते आणि तेही वाईट नसते. डाळ, पाला आणि दाणे एकाच वाटीत आल्यामुळे त्या वाटीसोबत फक्त भात लागतो, आणि तो त्याच कुकरच्या वरच्या डब्यात झालेला असतो.

सकाळची मळलेली कणीक उरली असेल तर संध्याकाळी वरणफळे करावीत. पातळ वरणाला फोडणी देऊन ते उकळत ठेवायचे, कणकेची जाडसर पोळी लाटून तिचे चौकोनी तुकडे कापायचे आणि एकेक करून सोडायचे. तुकडे वर आले, पारदर्शक दिसू लागले, की झाले. आकार सारखे आले नाहीत म्हणून कोणी नावे ठेवत नाही. गोळाभाताला थोडी जास्त खटपट पडते, कारण हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटावी लागते, पण वाटलेली डाळ फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहते आणि गोळे अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवून झाकण घातले की पुढे बघावे लागत नाही. वरून घ्यायच्या तेलात एरवी आपण भिवापुरी मिरचीचे जे तिखट सढळ हाताने घालतो, ते बाळंतिणीच्या वाट्याला कमी घालावे इतकेच. बाळाला ते बाधते म्हणून नव्हे. टाके ओले असताना आणि शौचाचा त्रास असताना तिलाच ते नकोसे होते.

इथे पथ्याचा विषय निघतो आणि तो टाळता येत नाही. माझ्या आईने आल्या दिवशीच मला बजावले होते, "तिला तुरीचं वरण देऊ नको, लेकराला वायू धरते." तुरीचे वरण बंद, हरभऱ्याची डाळ बंद, बेसन बंद, वांगे, फुलकोबी, दही बंद, फळांत संत्रे आणि केळे बंद; प्रत्येक घराची यादी थोडी वेगळी असते, पण ती लांबत जाते आणि शेवटी मऊ भात, मुगाचे वरण आणि लाडू एवढ्यावर ताट येऊन ठेपते. आईच्या आतड्यातला वायू रक्तात आणि तिथून दुधात उतरत नाही, हे बालरोगतज्ज्ञ सांगतात ते मला पटते, कारण दूध तयार होते ते रक्तातून, पोटातल्या अन्नातून थेट नव्हे. एखाद्या बाळाला आईच्या आहारातल्या विशिष्ट पदार्थाचा, उदाहरणार्थ गाईच्या दुधाचा, खरोखर त्रास होऊ शकतो. शौचात रक्त दिसणे, अंगावर पुरळ, वजन न वाढणे अशी लक्षणे असतील तर ती डॉक्टरांना दाखवण्याची बाब आहे. सरसकट सगळ्या डाळी बंद करणे हा त्यावरचा उपाय नाही. डाळी बंद केल्या म्हणजे शाकाहारी घरातल्या बाईचा प्रथिनांचा मुख्य आधारच गेला. ज्या घरात अंडी चालतात तिथे निदान एका उकडलेल्या अंड्यामागे सहा ग्रॅम प्रथिने परत मिळतात.

संत्र्याची बंदी मला त्यांतल्या त्यात जास्त खटकते, आणि ती केवळ नागपूरकर म्हणून नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यासाठीच बाळंतपणानंतरही १८० दिवस लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी रोज घ्यावी असे सरकारी धोरण आहे. डाळी, पालेभाज्या, अळीव यांतून मिळणारे लोह शरीरात नीट शोषले जाण्यासाठी जेवणात क जीवनसत्त्व असावे लागते, आणि ते देणारे स्वस्त फळ हिवाळ्याच्या तोंडावर आंबिया बहराचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मृग बहराचे म्हणून आपल्या दाराशी हातगाडीवर येते. ज्या शहराची ओळखच संत्र्यावर आहे, त्या शहरात रक्त कमी असलेल्या बाईच्या हातून संत्रे "थंड असते" म्हणून काढून घेतले जावे, हा प्रकार अजब आहे. संत्र्याचा हंगाम नसेल तर डाळभाजीवर लिंबू पिळावे. उलट जेवणासोबत किंवा गोळीसोबत चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीसोबत न घेता वेगळ्या वेळी घ्यावी. आमच्याकडे चहा जेवणापासून दूर सरकवण्याचे काम सगळ्यांत कठीण गेले.

याचा अर्थ जुने सगळे टाकाऊ असा कोणी काढू नये. ज्वारीची गरम भाकर, लसूण घातलेली मेथी, अळिवाची खीर, जवसाची चटणी, तीळ, ताजे आणि गरम जेवण, वारंवार थोडे-थोडे खाणे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे सव्वा महिना बाईला चुलीपाशी जाऊ न देणे, हे आपल्या आज्यांनी ठरवलेले नियम आजही तितकेच बरोबर आहेत. त्यांच्या काळी चुलीपाशी दुसरी बाई असे म्हणून शेवटचा नियम पाळला जाई. आता ती जागा रिकामी आहे आणि ती बापाने घ्यायला हवी. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते, खासगी नोकरीत ती मालकाच्या मर्जीवर असते, आणि रोजंदारीवरच्या माणसाला ती नसतेच. मिळालेली रजा दवाखान्यातून घरी आल्यावर बारशाचे निमंत्रण देत फिरण्यात न घालवता ओट्यापाशी घालवावी असे मला सुचवायचे आहे. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असेल तर पाण्याने भरलेला पाच लिटरचा कुकर उचलणे किंवा खालच्या कप्प्यातून पिठाचा डबा वाकून काढणे तिने करूच नये. तिला स्वयंपाकात "थोडीशी मदत" मागणारे पुरुष मी पाहिले आहेत. ही मदत बहुतेक वेळा "जिऱ्याचा डबा कुठे आहे?" अशा प्रश्नांतून मागितली जाते आणि ती देण्यासाठी तिला उठावे लागते. डब्यांवर चिठ्ठ्या लावून टाकाव्यात, हे सोपे आहे.

बारशाबद्दलही एक शब्द. बाराव्या दिवशी पन्नास माणसांचा पुरणाचा स्वयंपाक घरी घालणे ही हौस असेल तर ती आचाऱ्याकडून पुरवून घ्यावी किंवा सव्वा महिन्यानंतर पुरवावी. बाळ पाहायला येणाऱ्यांनीही झबले-टोपडे घेऊन येऊन चहा पिऊन जाण्याऐवजी येताना चार भाकरी आणि एक सुकी भाजी आणली, तर ती भेट घरातल्या सर्वांच्या लक्षात राहते. आमच्या शेजारच्या काकू एका संध्याकाळी आतही न येता दारातूनच पाटोडीची रस्साभाजी आणि भाकरी देऊन गेल्या होत्या. त्या डब्याच्या झाकणावर त्यांनी बारीक चिरलेल्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पुडीही वेगळी बांधून ठेवली होती.

नागपूरच्या उन्हाळ्यात या सगळ्याला आणखी एक अट लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो तेव्हा दुपारी ओट्यापाशी उभे राहणे धडधाकट माणसालाही जमत नाही, आणि घर दोन खोल्यांचे असेल तर गॅसची उष्णता आणि फोडणीचा ठसका थेट बाळापर्यंत जातो. शिजवायचे ते सकाळी नऊच्या आत शिजवून घ्यावे. मात्र सकाळी शिजवलेले संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहू देऊ नये, विशेषतः भात. भातात राहणाऱ्या बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची बीजे शिजवल्याने मरत नाहीत, उबदार हवेत ती वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष भात पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे असा सर्वसाधारण संकेत आहे. हवेतला पारा बत्तिशीच्या वर असेल तर एका तासाच्या आत, म्हणजे आपल्याकडे उन्हाळाभर एकच तास धरावा. मोठ्या गंजात गरम भात तसाच ठेवला तर तो आतून तासन्‌तास निवत नाही, म्हणून तो पसरट ताटात काढून आधी निववावा. शिळ्या भाताला फोडणी देऊन सकाळी खाण्याची आपली सवय चांगलीच आहे, फक्त तो भात रात्रभर फ्रिजमध्ये असायला हवा.

मिरची चिरणाऱ्या हाताचेही असेच. साबणाने एकदा धुतल्याने मिरचीचा तिखटपणा बोटांवरून पूर्ण जात नाही, आणि तेच बोट बाळाच्या डोळ्याजवळ किंवा तोंडाजवळ गेले तर पुढचा तास कसा जातो हे सांगायला नको. आधी हाताला थोडे तेल चोळावे आणि मग साबण लावावा. त्याहून बरे म्हणजे ज्याच्याकडे त्या दिवशी बाळ सांभाळण्याची पाळी असेल त्याने मिरचीला हातच लावू नये.

बाळाच्या स्वतःच्या जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय त्याला काहीही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते. आईच्या दुधात ८७ टक्क्यांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही बाळाला वरून पाणी द्यायचे नसते. गुटी, गुळाचे पाणी नको, आणि मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत नको, कारण मधात असू शकणाऱ्या बीजांमुळे बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. पाणी लागते ते आईला. पाजायला बसते तिथे तिच्या हाताशी तांब्या-पेला सतत भरलेला असावा, आणि उन्हाळ्यात ताक, पन्हे, आंबील यांपैकी जे घरात होईल ते असावे.

हे सगळे लिहिताना घरात डबे भरलेले आहेत असे मी गृहीत धरले आहे आणि ते प्रत्येक घरी खरे नसते याची मला जाणीव आहे. अंगणवाडीतून स्तनदा मातेला बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पूरक आहार मिळतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो तिचा हक्क आहे, आणि मूळ कायद्यात त्याचे मानक दिवसाला ६०० किलोकॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे होते. वर सांगितलेल्या गरजेशी हा आकडा जुळतो. शहरात भाड्याने राहणाऱ्या अनेक जोडप्यांची अंगणवाडीत नोंदच झालेली नसते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात आणि त्याचा अर्जही तिथेच विचारता येतो. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर पहिल्या ४२ दिवसांत आशा कार्यकर्तीने सहा वेळा घरी येणे अपेक्षित असते. ती आली तर बाळाच्या वजनाबरोबर आईने आज काय खाल्ले हेही तिला सांगावे.

आता आपल्याकडे विनंती. आपल्या पुरवणीत बाळंतिणीसाठी पाककृती छापताना साहित्याच्या यादीखाली चार गोष्टी जरूर द्याव्यात: प्रत्यक्ष हात गुंतून राहण्याचा वेळ किती, मध्ये कुठे थांबता येईल, अमुक नसेल तर त्याऐवजी काय चालेल, आणि झालेला पदार्थ उन्हाळ्यात किती वेळ टिकेल. पाककृती पाठवणाऱ्यांत पुरुषांनाही आवर्जून बोलवावे, कारण नव्याने शिकलेला माणूस गृहीत काही धरत नाही आणि त्याच्या सूचना नवशिक्याला लगेच कळतात. नमुना म्हणून मुगवड्यांची भाजी खाली देत आहे. गावाकडून आलेला मुगवड्यांचा डबा नागपुरात बहुतेक घरी असतोच.

वाटीभर मुगवड्या चमचाभर तेलात मंद आचेवर लालसर परताव्यात आणि काढून खलबत्त्यात ओबडधोबड ठेचाव्यात. हे काम आदल्या दिवशी करून डब्यात ठेवले तरी चालते. एक कांदा, चार-पाच लसणाच्या पाकळ्या आणि एक टमाटर चिरून फोडणीत मऊ होऊ द्यावेत, हळद, धणेपूड आणि बेताचे तिखट घालून ठेचलेल्या मुगवड्या त्यात टाकाव्यात, मीठ आणि तीन वाट्या गरम पाणी घालून झाकण ठेवावे. बटाटा असेल तर त्याच्या फोडी याच वेळी घालाव्यात. मंद आचेवर पंधरा मिनिटे शिजू द्यावे. बाळ उठलेच तर गॅस बंद करून जावे, मुगवड्या गरम पाण्यात फुगत राहतात आणि परत आल्यावर एक उकळी पुरते. हात गुंतून राहण्याचा वेळ दहा मिनिटे. टमाटर नसेल तर दोन आमसुले किंवा थोडी चिंच, आणि कांदा संपला असेल तर मूठभर शेंगदाण्याचा कूट. वाढताना तिची वाटी आधी भरावी आणि वर लिंबू पिळावे. उरलेली भाजी तासाभरात फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवावी. ती आधीपेक्षा घट्ट होते, तेव्हा गरम करताना अर्धी वाटी पाणी घालावे लागते.

आपला नम्र,
एक वाचक, मनीषनगर, नागपूर